अध्यक्षांच्या परवानगीने

रविवारी दुपारी आमचे मालक पेव्हरेलसाहेब यांच्या घरी जेवण आटोपलं तेव्हा मी ओठ पुसले, रुमालाची घडी केली, खुर्ची थोडी मागे सरकवली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "अध्यक्षमहाराज, उठायची परवानगी असावी." पेव्हरेलसाहेब मटणाचा शेवटचा तुकडा काट्यावर धरून तसेच थांबले. मग त्यांची धाकटी बहीण, मिस लेटिस, खुदकन हसली. ती हसली म्हणून साहेब हसले, आणि साहेब हसायला लागले की त्यांच्या पोटावरची घड्याळाची साखळीसुद्धा नाचते. "लिजेट, लेका, या घरात मला कुणीतरी अध्यक्ष मानतं हे ऐकून कान तृप्त झाले!" मीही हसलो. हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती ती. पण हसताना आतून कुणीतरी पायरी चुकल्यासारखं धपकन खाली उतरलं. मिस लेटिस बाई मोठी चलाख. मला दारापर्यंत पोचवायला आली आणि टोपी हातात देता देता म्हणाली, "मिस्टर लिजेट, एक सांगू? तुम्ही जेवायला इथं येता, पण बसलेले असता दुसरीकडेच." मी म्हटलं, छे छे, भलतंच काय. ती म्हणाली, "छे छे म्हणताना तुमचे कान लाल होतात."

साहेबांच्या हॉथॉर्न उपनगरातून नदीकाठानं मी चालतच निघालो. मेलबर्नात रविवारी दुपारी करण्यासारखं काही नसतं, आणि हे शहर ते फार मन लावून करतं. दुकानं बंद, दारूची दुकानं त्याहून बंद, रस्त्यांवर काळ्या कपड्यांतली माणसं प्रार्थनेला जात तरी असतात नाहीतर येत तरी असतात. मला मात्र डोळ्यांपुढे दिसत होतं ते एक लांब टेबल, त्यावर चहाच्या डागांचे नकाशे उमटलेली चादर, आणि भोवती बसलेली आमची जात. आमची जात म्हणजे फिरते विक्रेते. साबणवाले, कात्रीवाले, चहावाले, आणि पेव्हरेल कंपनीची बटणं, फिती नि लेस घेऊन हिंडणारा मी, एनॉक लिजेट. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत, बंदरांमागच्या गावांत, जिथे जिथे हॉटेल म्हणून काही आहे तिथे आमची एक वेगळी खोली असते आणि त्या खोलीत आमचं राज्य. जो सगळ्यांत आधी उतरला तो त्या दिवसाचा अध्यक्ष. मटण तोच कापणार, राणीच्या नावानं पहिला पेला तोच उचलणार. मागून आलेल्यानं त्याची परवानगी मागून बसायचं, परवानगी मागून उठायचं. नमुन्यांची पेटी नसेल त्यानं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, मग तो गव्हर्नर का असेना. बँकेचा एक साहेब एकदा चुकून येऊन बसला होता, तेव्हा मी अध्यक्ष होतो. मी त्याला इतक्या अदबीनं बाहेर काढला की बिचारा आभार मानून गेला. बाहेरचं जग आम्हाला दाराशी उभं करतं, मागच्या दारानं या म्हणतं, आज बाईसाहेब घरात नाहीत म्हणतं. त्या खोलीत मात्र आम्ही एकमेकांना इतका मान द्यायचो की लंडनच्या पार्लमेंटनं येऊन शिकवणी लावावी. हसायचं असेल त्यानं हसावं. मला तो मान आवडायचा. जन्मभर एका बटणाचे चार पैसे सुटतील का यावर घासाघीस करणाऱ्या माणसाला कुणीतरी "महाराज" म्हणावं लागतं, नाहीतर तो बटणाएवढाच होऊन जातो.

आणि मग अर्थातच त्या टेबलाच्या टोकाशी, दाराजवळ, मला डिलिया क्विल्टी दिसायला लागली. खरं तर सगळ्यांत आधी तीच दिसली होती, टेबल नंतर. पोर्ट गॅननच्या व्हेलर्स हॉटेलची मालकीण. नवरा क्विल्टी हा आपल्या हॉटेलचं सगळ्यांत इमानदार गिऱ्हाईक. दारू पिऊन पिऊन वारला, तेव्हा गावानं हळहळ केली आणि हिनं अस्तन्या वर सारल्या. अंगानं भरलेली, हातावर पिठाचे नाहीतर साबणाचे ठसे, आयरिश जिभेला धार अशी की तीवर मटण कापावं. तिच्या टेबलावर मी किती वर्षं जेवलो याचा हिशेब नाही. जेवता जेवता कधी जीव जडला त्याचाही नाही. गेल्या वसंतात, सगळे उठून गेल्यावर मी एकदाचं धाडस करून विचारलं. ती म्हणाली, "मिस्टर लिजेट, लग्न झालं की हॉटेलचा परवाना नवऱ्याच्या नावावर जातो. कायदाच आहे तसा. दारावरच्या पाटीवर माझं पुरं नाव, बिडीलिया क्विल्टी, लिहिलंय, ते पुसून तिथे तुमचं नाव येणार. क्विल्टी गेला त्या आठवड्यात रंगारी शिडीवर चढून माझं नाव रंगवत होता, आणि मी रस्त्यात उभी राहून एक एक अक्षर बघत होते. ते पुसायला मी कुणाला शिडी देणार नाही. तुम्हालाही नाही." मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं. मग गपगुमान मेलबर्नला आलो आणि साहेब बरेच दिवस मागे लागले होते ती गोदामातली टेबलखुर्ची पत्करली. तेव्हापासून समुद्र नाही, ओकाऱ्या नाहीत, ओल्या चादरी नाहीत. दर रविवारी हॉथॉर्नात मटण. आणि शेजारच्या खुर्चीवर मिस लेटिस, जिच्या मनात काय आहे ते साहेबांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. मग नदीकाठच्या एका बाकावर बसून मी स्वतःला सरळच विचारलं: हॉथॉर्नात चांगल्या बाईबरोबर उबदार म्हातारपण घालवायचं, की जिनं एकदा नाही म्हटलंय तिच्या दारात पुन्हा जाऊन उभं राहायचं? डोकं म्हणालं, हॉथॉर्न. डोकं नेहमी बरोबरच सांगतं, म्हणून तर त्याचं ऐकायला कंटाळा येतो.

सोमवारी सकाळी मी गोदामात जायला म्हणूनच निघालो होतो, हे मी शपथेवर सांगेन. दाढी केली होती, कॉलर ताठ होती, डबासुद्धा घेतला होता. पण कोपऱ्यावर डावीकडे वळण्याऐवजी पाय सरळ गेले. पुढे कोळशाचा वास आला, मग डांबराचा, मग मेंढ्यांचा, आणि धक्क्यावर 'पेट्रेल' आगबोट धूर सोडत उभी. माणसाचे पाय हे मेंढीसारखे असतात, एकदा वाट पडली की पडली. फळीवरून वर चढलो तर समोर तोच जुना स्कॉटिश वाढपी, मकरेथ. त्यानं मला वरून खाली पाहिलं आणि हाक मारली, "या लिजेटसाहेब! तुमचं ओकायचं बेसिन जपून ठेवलंय. दुसऱ्या कुणाला दिलं नाही." मी म्हटलं, "मकरेथ, आज नाही लागायचं." "दर खेपेला असंच म्हणता," तो म्हणाला, "आणि ऑटवेच्या भूशिराला वळसा घातला की आईला हाक मारता." साहेबांना निरोप धाडायचा राहिलाच होता. धक्क्यावरच्या हमालाबरोबर पाठवला: प्रकृती बरी नाही, सविस्तर मागाहून. थाप होती, पण थोड्याच वेळात समुद्रानं ती खरी करून दिली.

खाडीतून बाहेर पडेपर्यंत मी कठड्याला टेकून आयुष्याचा विचार करत होतो. बाहेर पडल्यावर तो प्रश्न उरला नाही. समुद्र मला कधीच मानवला नाही आणि मला तो कायम आवडत आला, यात विसंगती आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं कधी कुणावर प्रेम केलेलं नसावं. बेसिन मांडीवर, पाय बाकाच्या पायाशी अडकवलेले, आणि गोल खिडकीत एकदा आभाळ, एकदा पाणी, पुन्हा आभाळ. असंच कधीतरी पहिल्यांदा आलो होतो तेव्हा मी पोरसवदा होतो, इंग्लंडातल्या लीक गावच्या रेशमी बटणांच्या कारखान्यातून थेट उचलून या उलट्या ऋतूंच्या देशात टाकलेला, डिसेंबरात घाम पुसणारा. तेव्हाही हाच वास होता, रॉकेल नि ओल्या लोकरीचा, आणि शेजारी एक बाई जपमाळ ओढत होती नि दर मण्यागणिक कप्तानाला शिव्या देत होती. त्या पहिल्या खेपेनंतर जमिनीवर पाय ठेवला, तरी जमीन दिवसभर डुलत राहिली. व्हेलर्स हॉटेलात तेव्हा क्विल्टी जिवंत होता. मी टेबलाशी बसलो आणि टेबलही डुलतंय म्हणून कडा घट्ट धरली. तेवढ्यात कुणीतरी माझ्यापुढे सुक्या पावाचा तुकडा नि आल्याचा कढत काढा ठेवला आणि म्हणालं, "आधी हे. मटण पळून जात नाही." मी वर पाहिलं तोवर ती पलीकडे गेलेली, पाठ दिसली फक्त, आणि कमरेला बांधलेल्या फडक्याची गाठ. पुढे प्रत्येक खेपेला ते पाव-आलं ठेवलेलं असायचं, मागावं लागायचं नाही. बेसिनमध्ये डोकं घालून बसलो असताना मला हे सगळं इतकं स्पष्ट दिसलं की मी चक्क हसलो. मकरेथ म्हणाला, "झालं! आता वेडही लागलं." मी म्हटलं, "मकरेथ, लग्न झालेल्या माणसाला समुद्र कमी लागतो का रे?" "नाही," तो म्हणाला, "पण तक्रार कुणापाशी करायची ते ठरलेलं असतं."

दुसऱ्या दिवशी पोर्ट गॅनन आलं. लाटा इतक्या होत्या की फळी टाकता येईना, तेव्हा नेहमीप्रमाणे टोपली काढली. वेताची मोठी टोपली, तीत दोघातिघांनी उभं राहायचं, वर आकडा अडकवायचा नि क्रेननं उचलून धक्क्यावर ठेवायचं, बटाट्याच्या पोत्यासारखं. माझ्याबरोबर एक पाद्री होता आणि पिंजऱ्यात कोंबडी घेतलेली एक बाई. आम्ही हवेत लटकत असताना क्रेनवाल्यानं तंबाखू मळायला हात सोडले. पाद्री डोळे मिटून पुटपुटायला लागला, कोंबडी फडफडली, बाई ओरडली, "अरे मेल्या, आधी खाली सोड, मग खा!" आणि मी मात्र पाहत होतो धक्क्यापलीकडचा रस्ता, नॉरफोक पाइनची झाडं आणि त्यांच्या आड पांढरी पाटी. एवढ्या वरून अक्षरं वाचता आली नसती, पण मला ती पाठ होती. हवेत लटकलेल्या माणसाचं मन विलक्षण मोकळं असतं. मला मनापासून वाटलं की पाटी फार सुंदर आहे आणि तीत एका अक्षराचाही बदल करायला नको. हे मला वसंतात का नाही सुचलं? तेव्हा मी जमिनीवर होतो, म्हणून असेल.

हॉटेलात शिरलो तेव्हा जेवणाची वेळ झालेली. बोळातून मटणाचा नि कोबीचा वास येत होता, आणि पोटात काल सकाळपासून काही टिकलेलं नसल्यामुळे कावळे ओरडत होते. पायांनी पुन्हा आपलीच अक्कल चालवली. दार ढकललं, उंबऱ्याशी उभा राहिलो, टोपी काढली, म्हणालो, "अध्यक्षमहाराज, सभ्य गृहस्थहो, बसायची परवानगी असावी." अध्यक्षाच्या खुर्चीत बार्नबी स्टॉट होता, साबणवाला, लालबुंद, माझा जुना दोस्त. "लिजेट!" तो ओरडला आणि कापायची सुरी हवेत नाचवली. "अरे, तू मेलास नाही अजून? ये, ये!" चारसहा चेहरे वळले, दोन ओळखीचे, बाकी नवे. पलीकडच्या दाराशी डिलिया कोबीचं भांडं घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भांडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं, बस्स. मी खुर्ची ओढली तेवढ्यात कोपऱ्यातला एक नवा तरणा कात्रीवाला खाकरला. "अध्यक्षमहाराज, एक विचारू? हे गृहस्थ कुठला माल चालवतात?"

स्टॉटची सुरी खाली आली. "बटणं," मी म्हणालो. "पेटी?" कात्रीवाल्यानं विचारलं. पेटी कुठली! मी खिसे चाचपले. एका खिशात कालचा डबा होता, दुसऱ्यात एक बटण सापडलं, तेही माझ्याच कोटाचं, टोपलीत तुटलेलं. ते टेबलावर ठेवलं. टेबल हसलं. "नमुना बरा आहे," स्टॉट म्हणाला, "पण तो विकलास तर तुझाच कोट उघडा राहील." मग त्याचं हसू ओसरलं. "लिजेट, खरं सांग. तू अजून फिरतीवर आहेस?" मी म्हणालो, "नाही. गोदामात होतो. आता तिथंही नसेन बहुतेक." स्टॉट बिचारा घामाघूम झाला. "बाबा रे, मला माफ कर. हा नियम मला तूच शिकवलास. त्या बँकवाल्याच्या वेळी मी तुझ्या शेजारीच बसलो होतो." "अगदी बरोबर आहे, अध्यक्षमहाराज," मी म्हणालो आणि उभा राहिलो. मला खरोखर राग आला नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती उरलं एक बटण, आणि तरी छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं हलकं वाटत होतं. जन्मभर ज्या खुर्चीला मी माझी समजत होतो ती पेटीची होती. आता या घरात मी कुणीच नव्हतो, आणि जो कुणी नाही त्याला कुठेही जाता येतं. "मिस्टर लिजेट," दाराशी उभी असलेली डिलिया म्हणाली, "स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे. तिथे कुणी पेटी विचारत नाही."

इतक्या वर्षांत मी ते स्वयंपाकघर आतून पाहिलं नव्हतं. काळी चूल, तिच्यावर वाफाळणारी किटली, दोरीवर फडकी, खिडकीतून समुद्राचा एक तुकडा, आणि मधोमध घासून घासून पांढरं झालेलं टेबल. स्वयंपाकीण अंगणात कपडे वाळत घालत होती नि तिचं गाणं आत येत होतं. मी टेबलाशी उभाच राहिलो. डिलिया खोलीतलं वाढण संपवून आली, दार मागे पायानं ढकललं, आणि म्हणाली, "बसा ना. का इथंही परवानगी लागते?" मी म्हणालो, "मिसेस क्विल्टी, मी पाटी मागायला आलेलो नाही. पाटी तुमचीच राहू दे. टोपलीतून पाहिली आज, फार छान दिसते." "मग काय मागायला आलात?" "गावात बटणं-फितींचं दुकान नाही. मी टाकीन म्हणतो. वरची मागची खोली भाड्यानं द्या, कायमचा भाडेकरू म्हणून. लग्नाचं तुम्ही म्हणाल तेव्हा. कायदा बदलला तर बदलला." ती हसली. "कायदा बदलेपर्यंत थांबायची तयारी आहे?" "थांबायला जागा चांगली आहे," मी म्हणालो. "आणि लोक?" तिनं विचारलं. "लोक बोलतीलच," मी म्हणालो. "बोलून बोलून घसा सुकला की तुमच्याकडेच येतील प्यायला."

तिनं फडक्याला हात पुसले, हळूहळू, एक एक बोट. मग म्हणाली, "वसंतात मी पाटीचं सांगितलं ते खरंच होतं. पण अर्धंच. तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्ही बसलेले होतात, मिस्टर लिजेट. आणि मी बटाट्यांचं गरम भांडं धरून उभी होते. बोटं पोळत होती. तुम्ही छान बोलत होतात, लांबण लावून, आणि माझ्या मनात एकच, हा माणूस संपवतोय कधी, आणि मी हे ठेवू कुठे. तुम्हाला ते दिसलंच नाही." इतकी वर्षं ती खोली माझ्या डोळ्यांपुढे होती, टेबल, खुर्च्या, कोण कुठे बसलं, कुणी परवानगी मागितली नि कुणी नाही. आणि त्या खोलीत एकच माणूस कायम उभं असायचं, ते मी फक्त मालकीण म्हणून पाहिलं. लाज वाटली, खूप वाटली. मी भिंतीजवळची दुसरी खुर्ची ओढून टेबलाशी आणली, चुलीवरचं मटणाचं भांडं उचललं, दोन थाळ्या मांडल्या. वाढताना रस्सा टेबलावर सांडला. ती म्हणाली, "समुद्र अजून उतरला नाही वाटतं," आणि खुर्चीत बसली. बसली ती अशी, की गुडघ्यांतून एक लांब सुस्कारा निघाला. "एनॉक," ती म्हणाली, आणि हे नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं, "मीठ सरकव इकडे." मी सरकवलं. मग तिनं मटणाचं हाड दोन्ही हातांनी उचललं आणि कुणाकडे न बघता खायला लागली. मन लावून, गालाला रस्सा लागेपर्यंत. मी काटा हातात धरून नुसता बघत राहिलो. इतक्या वर्षांत मी तिला जेवताना पाहिलंच नव्हतं. तिला फार भूक लागलेली होती.